‘निर्जन’ या शब्दाविरुद्ध

आमच्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे प्रवास फार वाढला, आणि प्रवासाहून प्रवासवर्णन अधिक वाढलें. ही तक्रार नव्हे. घराबाहेर न पडणाऱ्या समाजापेक्षां बाहेर पडणारा समाज केव्हांहि बरा. तक्रार आहे ती एका शब्दाविषयीं. कोणताहि दिवाळी अंक उघडावा, हिंवाळी व्याख्यानमालेची कोणतीहि पत्रिका पाहावी. स्पिती असो, आइसलंड असो, अलास्का असो, वर्णन करणारा गृहस्थ पहिल्या परिच्छेदांत ‘निर्जन’ प्रदेशांत शिरतो आणि शेवटच्या परिच्छेदांत ‘स्वतः स्वतःस सांपडून’ तेथून बाहेर येतो. मध्यें मोटार असते, तंबू असतो, हिमशिखरें असतात, क्वचित् अस्वलहि असतें. नसतो तो फक्त तेथें राहणारा मनुष्य. माझें म्हणणें असें कीं, हा मनुष्य वर्णनांत येत नाहीं, कारण वर्णनकारास तो तेथें नको असतो. ‘निर्जन’ हें विशेषण आम्ही प्रदेशास लावितों खरें, पण त्यांत वर्णन असतें तें आमच्या इच्छेचें. आणि ही इच्छा दिसते तितकी निरुपद्रवी नाहीं.

हें मी कोणत्या अधिकारानें बोलतों असें वाचक विचारतील. गुन्हेगाराच्या अधिकारानें बोलतों. २०२३ सालीं जूनच्या अखेरीस आम्ही चौघे मित्र कॅनडाच्या वायव्य टोंकास मोटारीनें गेलों आणि बारा दिवस तंबूंत राहून परत आलों. एक डॉक्टर, एक वकील, एक गेलीं पंचवीस वर्षें व्हँकूव्हरला स्थायिक झालेला इंजिनियर, आणि मी. चौघेहि एका कॉलेजांतले, एका वसतिगृहांतले. परत आल्यावर आमच्या गांवच्या वाचनालयानें आम्हांस व्याख्यानास बोलाविलें. डॉक्टर बोलले, चित्रें वकीलसाहेबांनीं दाखविलीं, आणि ‘माणूस नाहीं तेथें बारा दिवस’ हें व्याख्यानाचें नांव मीं सुचविलें. सभागृह भरलें होतें, टाळ्याहि पुष्कळ पडल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळीं मागच्या रांगेंतील एका कॉलेजांतल्या मुलीनें उठून विचारलें, “सर, माणूस नव्हता, तर तुमच्या गाडीचा टायर कोणीं बदलला?” डॉक्टरांनीं ओघांत ती हकीकत सांगितली होती. लोक हंसले, आम्हीहि हंसलों. घरीं आल्यावर मात्र तें हंसूं घशांत अडकल्यासारखें वाटूं लागलें. हा लेख म्हणजे त्या मुलीस उशिरानें दिलेलें उत्तर आहे.

ज्या रस्त्यानें आम्ही गेलों त्याचें नांव डेम्पस्टर महामार्ग. सोन्याच्या शोधामुळें जगप्रसिद्ध झालेल्या डॉसन गांवाच्या सुमारें ४० किलोमीटर अलीकडे तो सुरू होतो, आणि उत्तरेकडे सुमारें ७४० किलोमीटर जाऊन इनुविक या गांवीं पोहोंचतो. त्याचें काम १९५९ सालीं सुरू झालें आणि १९७९ सालीं पुरें झालें. २०१७ सालीं इनुविकपासून समुद्रकांठच्या टुक्टोयाक्टुक गांवापर्यंत आणखी एक रस्ता खुला झाला, त्यामुळें आतां मोटारीनें थेट आर्क्टिक महासागराच्या पाण्यापर्यंत जातां येतें. सारा रस्ता खडीचा. खालची जमीन बारमास गोठलेली. तिच्यावर सरळ रस्ता बांधला तर ती वितळेल व रस्ता खचेल, म्हणून सव्वा मीटरपासून जवळजवळ अडीच मीटरपर्यंत जाडीचा खडीचा थर घालून त्यावरून वाहतूक चालवितात. पहिला पेट्रोलपंप सुमारें ३७० किलोमीटरवर, ईगल प्लेन्स येथें. वाटेंत पील व मॅकेंझी या दोन मोठ्या नद्या, आणि दोहोंवरहि पूल नाहीं. उन्हाळ्यांत फेरीबोट, हिंवाळ्यांत गोठलेल्या पात्रावरचा बर्फाचा रस्ता. बर्फ धरण्याच्या आणि सुटण्याच्या दिवसांत दोन्ही बंद.

त्या मुलखाचें सौंदर्य मी नाकारीत नाहीं. टूमस्टोन पर्वताच्या काळ्या सुळक्यांजवळ आम्हीं पहिला तंबू ठोकला. रात्रीं उशिरापर्यंत उजेड होता, दरींत ठेंगणीं झुडपें वाऱ्यानें हलत होतीं, आणि अस्वलाच्या भयानें आमचा सारा शिधा मोटारींत बंद होता. डास इतके कीं चहाच्या प्रत्येक घोटाबरोबर एखादा पोटांत जाई. तशांत वकीलसाहेब म्हणाले, “अरे, पृथ्वीवर आपण चौघेच उरलों आहों रे!” आणि गेलीं पंचवीस-तीस वर्षें वर्गांत वर्ड्‌स्वर्थ शिकविणाऱ्या मीं त्यास मान डोलाविली. ज्या जागीं हें वाक्य उच्चारलें गेलें ती सरकारी तळावरची क्रमांक घातलेली जागा होती. पलीकडे कोणीतरी फोडून रचून ठेवलेलीं लाकडें होतीं आणि त्यांतलींच आम्ही जाळीत होतों. हीं लाकडें कोणीं फोडलीं हा प्रश्न चौघांपैकीं एकाच्याहि मनांत आला नाहीं.

टायर फाटला तो पुढें, उत्तर ध्रुववृत्ताची पाटी मागें पडल्यावर. त्या रस्त्याच्या खडींत पाटीसारख्या दगडाच्या धारदार चिपा असतात. त्यांतल्या एकीनें मागचा टायर चिरला. स्टेपनी होती, पण गाडी उचलावी तों जॅक खडींत रुते. आमचा इंजिनियर त्या वेळीं केवळ पदवीपुरता इंजिनियर ठरला. अर्ध्या तासानें उत्तरेकडून एक जुनी मालवाहू मोटार आली. तींतून एक सत्तरीचे गृहस्थ आणि त्यांचा सतरा-अठरा वर्षांचा नातू उतरला. त्यांनीं कांहीं न विचारतां आपल्या गाडींतून एक रुंद फळी काढली, ती जॅकखालीं घातली, आणि वीस मिनिटांत काम उरकलें. मग आम्हीं केलेला चहा ते प्याले आणि वाळविलेल्या माशाचे तुकडे त्यांनीं आमच्यापुढें ठेवले. पैसे देऊं केले तर घेतले नाहींत. “पुढें कोणी अडलेला दिसला तर थांबा,” एवढेंच म्हणाले.

“येथें काय पाहावयास आलांत?” त्यांनीं विचारलें. आमच्या इंजिनियरानें मोकळेपणीं सांगितलें, “माणसें नसलेला मुलूख.” ते क्षणभर गप्प राहिले. मग समोरच्या उताराकडे बोट करून म्हणाले, “त्या वळणापलीकडे माझी आई जन्मली. हिंवाळ्याच्या वाटेवर, तंबूंत.” पुढें त्यांनीं विचारलें, कॅरिबू दिसले काय? कॅरिबू म्हणजे त्या मुलखांतील मोठीं रानहरणें. तीं पाहावयाचीं म्हणून डॉक्टरांनीं मोठी दुर्बीण आणली होती. एकहि दिसला नाहीं असें आम्हीं सांगतांच ते म्हणाले, “आतां कसे दिसतील? आतां ते पाडसांसह तिकडे समुद्राच्या बाजूस. पानें पिवळीं झालीं कीं या.” त्यांच्या स्वरांत उपहास नव्हता, श्रावणांत हापूस मागणाऱ्या पाहुण्यास आपण ज्या सौम्यपणें समजावितों तो सौम्यपणा होता.

व्याख्यानांत या साऱ्या प्रसंगाचें “एका स्थानिकानें मदत केली” एवढें एक वाक्य झालें. त्यांचें नांव आम्हीं विचारलें नव्हतें. त्या टायरचें माप मात्र मला आजहि पाठ आहे.

एकदां हा प्रश्न मनांत शिरल्यावर मीं रोजनिशी उघडली आणि बारा दिवसांतलीं माणसें मोजूं लागलों. खडी सपाट करणाऱ्या यंत्रांवरचे चालक. दोन नद्यांवरच्या फेरीबोटींचे खलाशी. ईगल प्लेन्स येथें आम्हांस सूप वाढणारी बाई. फोर्ट मॅक्फर्सनच्या दुकानांत डासांवरचें औषध सुचविणारी मुलगी. अस्वल कोणत्या बाजूस दिसलें तें येऊन सांगणारा तळाचा रखवालदार. टुक्टोयाक्टुकला आम्हांस घरांत बोलावून पाव-लोणी देणारें कुटुंब. मोजतां मोजतां आंकडा तिसांच्या वर गेला. आम्ही चौघे ‘एकटे’ होतों तें या तीस जणांच्या आधारावर. असलें एकटेपण पुण्यामुंबईंत मिळत नाहीं हें खरें, कारण तेथें कोणी इतकी काळजी घेत नाहीं.

येथवर हा केवळ कृतघ्नपणाचा प्रश्न दिसेल. पण या शब्दानें माणसें मेलीं आहेत. पील नदी ओलांडल्यावर फोर्ट मॅक्फर्सन लागतें. तेथील ग्विचिन लोक आपल्या गांवास टेट्लिट झेह म्हणतात. चर्चच्या आवारांत चार पोलिसांचीं थडगीं आहेत. १९१० सालच्या २१ डिसेंबरला इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तीन सोबती व कुत्र्यांच्या गाड्या घेऊन या गांवाहून डॉसनकडे निघाला. वाट सुमारें ७६५ किलोमीटरची. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकासाठीं त्यास पुढें लंडनला जावयाचें होतें. शिवाय ही वाट पूर्वीं कोणीं काटली नसेल इतक्या वेगानें काटावी अशी ईर्षा. म्हणून शिधा कमी घेतला. वाटाड्याचें काम ज्या कार्टरकडे दिलें त्यानें ती वाट एकदांच, तीहि उलट दिशेनें, पाहिलेली होती. मध्यें भेटलेल्या ग्विचिन लोकांपैकीं ईसाव जॉर्ज यानें त्यांस कांहीं अंतर वाट दाखविली; १९११ च्या १ जानेवारीस फिट्झजेराल्डनें त्यास मजुरी देऊन निरोप दिला. पुढें ज्या ओढ्यानें वळावयाचें तो ओढा सांपडेना. कांहीं दिवस शोध करून, शिधा सरत आल्यावर, ते माघारी फिरले, एकेक कुत्रा मारून खात राहिले, आणि चौघेहि वाटेंत मेले. फिट्झजेराल्ड व कार्टर यांचे देह सांपडले ते गांवापासून अवघ्या ४० किलोमीटरवर.

त्यांच्या शोधासाठीं २८ फेब्रुवारी १९११ रोजीं डॉसनहून कॉर्पोरल डेम्पस्टर निघाला. त्याच्याबरोबर चार्ली स्टुअर्ट नांवाचा ग्विचिन वाटाड्या होता. २१ व २२ मार्च या दोन दिवसांत त्यांस चारहि देह सांपडले. तीच थंडी, तेच डोंगर, तीच वाट. फरक इतकाच कीं एकानें वाट जाणणारास परत पाठविलें आणि दुसऱ्यानें बरोबर घेतलें. फिट्झजेराल्ड भित्रा नव्हता, अडाणीहि नव्हता. पण ज्या मुलखांत कोणी राहत नाहीं अशी आपली समजूत असते तेथें कोणास कांहीं विचारावें असें सुचत नाहीं. पुढें रस्ता झाला तेव्हां त्यास डेम्पस्टरचें नांव मिळालें. डेम्पस्टर कर्तबगार होता, त्याचा मान त्यास मिळाला हें योग्यच झालें. पण वाट ज्यास ठाऊक होती त्याच्या नांवानें तो रस्ता ओळखला जात नाहीं, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे.

हें वेड आम्हांस जडलें कोठून? माझें उत्तर माझ्याच पेशास लागणारें आहे. तें आम्हीं इंग्रजींतून घेतलें. ‘वाइल्डरनेस’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशीं वन्य श्वापदांची जागा असा अर्थ आहे. पुढें त्यांत बायबलांतील ओसाड अरण्याची छाया मिसळली, त्यानंतर रोमँटिक कवींचें एकांतप्रेम मिसळलें, आणि अमेरिकेंत १९६४ सालीं या शब्दाचा कायदाहि झाला. त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणें अशा प्रदेशांत मनुष्य हा केवळ पाहुणा; तो तेथें राहावयाचा नाहीं. व्याख्या करणारांचा हेतु शुद्ध होता. पण जे पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहत आले त्यांना या व्याख्येंत जागा कोठें?

मराठीला हा रोग जन्मतः नव्हता. आमच्या शेतकऱ्यास विचारा, “धनी कोठें गेले?” तो म्हणेल, “रानांत गेलेत.” त्याचें रान म्हणजे पेरलेलें शेतहि, आणि शेतापलीकडचा झाडोराहि. रानांत गुरें जातात, रानांतून सरपण येतें, रानभाजी येते, रानांत देवराई असते आणि तिच्यांत देव असतो. रान या शब्दांत माणूस गृहीत आहे. रामायणांतलें दंडकारण्य घ्या. तेथें पावलोपावलीं आश्रम आहेत, शबरी आहे, आणि वनवासी रामास वाट विचारावी लागते. आमची परंपरा निष्कलंक होती असें मात्र कोणी समजूं नये. खांडववन जाळलें गेलें तेव्हां तेथें राहणारांची कोणीं गणती ठेविली नाहीं. परंतु निदान आमच्या भाषेस तें ठाऊक तरी होतें. तें विसरण्याची विद्या आम्हीं कॉलेजांत संपादन केली, आणि माझ्यासारख्यांनीं ती पगार घेऊन शिकविली.

आतां या शब्दाचा सर्वांत मोठा अपराध सांगतों. जेथें कोणी राहत नाहीं, ती जमीन कोणीहि घ्यावी. हा या शब्दाचा उत्तरार्ध आहे. तो आम्ही सहलीस जाणारे उच्चारीत नाहीं, पण दुसरे उच्चारतात. १८९६ सालीं क्लोन्डाइक नदीच्या खोऱ्यांत सोनें सांपडलें, आणि दोन वर्षांत डॉसन येथें हजारों लोक लोटले. क्लोन्डाइक हा शब्दच मुळीं ट्रॉन्डेक या तेथील शब्दाचा अपभ्रंश. नदीच्या मुखाशीं मासे धरणारे ट्रॉन्डेक ह्वेचिन लोक तेथून निघाले आणि आयझॅक या त्यांच्या मुख्याच्या पुढारीपणाखालीं नदीच्या खालच्या अंगास मूसहाइड येथें जाऊन राहिले. सोनें शोधणारांच्या धाडसाच्या कथा आम्हीं लहानपणीं वाचल्या. मूसहाइडचें नांव मीं पन्नाशी उलटल्यावर ऐकलें. आम्ही परत आल्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्यें युनेस्कोनें हीं स्थळें जागतिक वारशाच्या यादींत घेतलीं, आणि त्या नोंदींत सोन्याइतकेंच, किंबहुना अधिक, महत्त्व या लोकांनीं परकी सत्तेस कसें तोंड दिलें यास आहे.

सोन्यानंतर तेल. मॅकेंझीच्या खोऱ्यांतून वायूची नळवाहिनी न्यावी असा प्रस्ताव आला, तेव्हां कॅनडाच्या सरकारनें १९७४ सालीं न्यायमूर्ति थॉमस बर्जर यांची चौकशीसाठीं नेमणूक केली. राजधानींत बसून कंपन्यांच्या वकिलांचें म्हणणें ऐकणें त्यांस सोपें होतें. त्याऐवजीं ते गांवोगांव गेले, ३५ वस्त्यांत बसले, आणि शिकारी, कोळी, म्हाताऱ्या बाया यांच्या साक्षी त्यांच्या त्यांच्या भाषेंत घेतल्या. लोकांनीं आपल्या वाटा, मासे धरण्याच्या जागा, पुरलेल्या आप्तांच्या जागा सांगितल्या. मोकळा दिसणारा नकाशा भरून गेला. १९७७ च्या अहवालाच्या नांवांतच बर्जर यांनीं ‘उत्तरेची सीमा’ आणि ‘उत्तरेचें घर’ हे दोन शब्द समोरासमोर ठेविले. मॅकेंझी खोऱ्यांतील नळवाहिनी दहा वर्षें थांबवावी, आणि उत्तर युकॉनमधून ती कधींच नेऊं नये, अशी त्यांची शिफारस होती. ती नळवाहिनी आजतागायत झाली नाहीं. एका न्यायाधीशानें ‘तेथें कोण राहतें?’ एवढा साधा प्रश्न विचारला, त्याचें हें फळ.

ज्या कॅरिबूंची आम्हीं दुर्बिणींतून व्यर्थ वाट पाहिली त्यांचा कळप पॉर्क्युपाइन नदीच्या नांवानें ओळखला जातो. २०१७ च्या गणतींत त्याची संख्या सुमारें २,१८,००० भरली. तीं हरणें विण्यासाठीं ज्या किनाऱ्यावर जातात त्याचा एक मोठा भाग अलास्कांत आहे. २०१७ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या काँग्रेसनें तेथें तेलाचे पट्टे देण्यास कायद्यानें वाट करून दिली, आणि तेव्हांपासून सरकार बदललें कीं धोरण उलटतें. ग्विचिन लोक त्यास सतत विरोध करीत आले आहेत, कारण त्यांचें अन्न, वस्त्र आणि कथा या कळपावर उभ्या आहेत. अशा वेळीं तेलवाल्यास सर्वांत उपयोगी पडणारें वाक्य कोणतें? ‘तेथें कांहींच नाहीं, कोणीच नाहीं.’ आणि तेंच वाक्य आम्ही निसर्गप्रेमाच्या भरांत, चित्रांसह, सभागृहांत म्हणत असतों.

माझ्या मित्रांनीं या विचारांवर तीन आक्षेप घेतले आहेत. ते खोटे नाहींत, म्हणून त्यांचा परामर्श घेणें प्राप्त आहे.

पहिला आक्षेप वकिलांचा. युकॉनचें क्षेत्रफळ सुमारें ४,८२,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक. वस्ती पन्नास हजारांच्याहि आंत, आणि तींतली बहुतेक एका राजधानींत. यास निर्जन न म्हणावें तर काय म्हणावें? विरळ म्हणावें. मराठींत तो शब्द आहे आणि तो खरा आहे. चार कोसांवर एक घर असलेल्या मुलखांत त्या एका घराचें महत्त्व वाढतें, शून्य होत नाहीं. शिवाय घर म्हणजे केवळ भिंती नव्हेत. ग्विचिन लोकांच्या प्रदेशांतील चारशेंहून अधिक स्थलनामांस २०१३ सालीं सरकारी मान्यता मिळाली. ओढे, टेकड्या, मासे धरण्याचे डोह, प्रत्येकास नांव. ज्या डोहास नांव आहे तो निर्जन कसा?

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. ते म्हणतात, “निर्जन अरण्याची कल्पना चुकीची असेल, पण तिनेंच राष्ट्रीय उद्यानें निर्माण केलीं. ती कल्पना मोडलीत तर उद्यां खाणवाला म्हणेल, येथें माणसें पूर्वींपासून आहेतच, मग आम्हीहि येतों.” भीति रास्त आहे, पण त्या मुलखाचा इतिहास तिच्या उलट साक्ष देतो. आम्हीं जेथें तंबू ठोकला तें टूमस्टोन उद्यान ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांशीं १९९८ सालीं झालेल्या करारांतून निघालें. उत्तर किनाऱ्यावरचें इव्वाविक राष्ट्रीय उद्यान १९८४ सालीं इनुविआलुइट लोकांच्या जमिनीच्या करारांतून निघालें. त्या नांवाचा अर्थच पिल्लांच्या जन्माची जागा. पील नदीच्या सुमारें ६७,००० चौरस किलोमीटरच्या खोऱ्याचा मोठा भाग खाणींस खुला करूं पाहणाऱ्या प्रादेशिक सरकारास न्यायालयांत खेंचलें तें तेथील मूळच्या लोकांनीं आणि त्यांच्याबरोबर निसर्गरक्षकांनीं. २०१७ सालीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि २०१९ च्या योजनेंत खोऱ्याच्या ८३ टक्के भागास संरक्षण मिळालें. रान राखतो तो ज्याचें घर रानांत आहे तो. पाहुणा चित्रें काढतो आणि विमान धरतो.

तिसरा आक्षेप इंजिनियराचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. व्हँकूव्हरहून रात्रीं दूरध्वनीवर तो म्हणाला, “अरे, तीस वर्षें कचेरी, घर, कर्ज. मला चार दिवस कोणी नको होतें. एवढेंहि मागूं नये काय?” मागावें, एकांताची भूक खरी आहे आणि ती मलाहि आहे. पण एकांत आणि निर्जनता या दोन वस्तु आहेत. आमचे संत एकांत शोधीत डोंगरावर जात, पण डोंगराखालचें गांव नाहींसें झालें अशी कल्पना त्यांस करावी लागत नसे. आपण कोणाच्या अंगणांत शांत बसलों तर शांति मिळते. त्यासाठीं घरधन्यास मेलेला समजण्याचें कारण नाहीं.

हा वाद दूरदेशीचा आहे असें समजून वाचकांनीं निश्चिंत होऊं नये. आमच्या सह्याद्रींत प्रत्येक रविवारीं हेंच घडतें. ‘निबिड, निर्जन’ किल्ल्यावर जाणाऱ्या मंडळींस ठाकराचा पोरगा वाट दाखवितो, धनगराच्या झापावर ताक मिळतें, कातकरणीच्या हंड्यांतलें पाणी मिळतें. आणि वृत्तांतांत येतात ते कडे, ढग आणि स्वतःचें धैर्य. हें साहित्यापुरतें राहिलें असतें तरी चाललें असतें. पण १८७८ च्या वनकायद्यानें याच दृष्टीनें रानास सरकारी ‘राखीव’ केलें, आणि रानांत राहणारा स्वतःच्या घरांत चोर ठरला. तें अंशतः निस्तरावयास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. त्या कायद्याखालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. आमच्या नकाशांत जो केवळ हिरवा रंग होता, त्यांत एक ग्रामसभा बसलेली होती.

म्हणून माझें मागणें अगदीं लहान आहे. प्रवास थांबवा असें मी म्हणत नाहीं. मी स्वतः पुन्हां जाणार आहे. संपादकांनीं यापुढें प्रवासलेखांतून ‘निर्जन’ हा शब्द पुराव्याशिवाय छापूं नये. लेखकांनीं ज्या जागीं तंबू ठोकला त्या जागेस तेथील भाषेंत काय म्हणतात तें विचारावें. आणि ज्यानें वाट दाखविली, टायर बदलला, घांस दिला, त्याचें नांव विचारावें. त्याची संमति असेल तर तें लिहावें, नसेल तर निदान तो होता इतकें तरी लिहावें. यानें साहसाची झिलई थोडी उतरेल. उतरूं द्या. आम्हां मध्यमवर्गीयांचें साहस बहुधा दुसऱ्याच्या फळीवर उभें असतें, हें कळणें हाहि प्रवासाचाच लाभ आहे.

वाचनालयाच्या चिटणिसांस मीं पत्र लिहिलें आहे कीं, तेंच व्याख्यान मला एकदां पुन्हां, वेगळ्या नांवानें, द्यावयाचें आहे. पहिलें चित्र त्या उताराचें दाखवीन आणि सांगेन कीं येथें, हिंवाळ्याच्या वाटेवर, एका स्त्रीचा जन्म झाला. ती मुलगी मागच्या रांगेंत असेल तर तिनें तो प्रश्न पुन्हां विचारावा. टायर एका म्हाताऱ्या गृहस्थानें आणि त्याच्या नातवानें बदलला. त्यांचीं नांवें मला सांगतां येणार नाहींत. मीं तीं विचारलीं नाहींत, आणि त्याबद्दल दोष त्या मुलखाचा नाहीं.